वाचकांचे प्रश्न : दवाखान्याचा खर्च सरकारने उचलायचा की ज्याचा त्याने?

सर्वांवर सरकारी पैशातून उपचार व्हावेत, की प्रत्येकाने आपल्या तब्येतीची आणि तिच्या खर्चाची जबाबदारी स्वतः घ्यावी, यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली काही पत्रे या वेळी घेतली आहेत. नावे दिलेली नाहीत, फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न : मी व्यापारी आहे, प्राप्तिकर वेळेवर भरतो. सुपारीच्या खांडालाही कधी हात लावला नाही. आमच्या गल्लीतला एक जण दिवसाला आठ-दहा पुड्या खायचा. त्याला तोंडाचा कॅन्सर झाला आणि ऑपरेशन सरकारी आरोग्य योजनेतून फुकट झाले. ज्याने स्वतःच्या हाताने आजार ओढवून घेतला, त्याचा खर्च माझ्या करातून का? असे विचारणे निर्दयीपणाचे आहे का? (अमळनेर)

उत्तर : निर्दयीपणाचे मुळीच नाही. करदात्याने हिशेब मागितलाच पाहिजे. तुम्ही उदाहरणही तुमच्या बाजूचे सगळ्यात भक्कम निवडले आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असे आढळले, आणि त्यातले बहुतेक जण ओढणारे नसून खाणारे किंवा मिसरी लावणारे होते.

अडचण येते ती हा नियम दवाखान्याच्या दारात लावायला गेल्यावर. त्याच वॉर्डात रात्रपाळीच्या विजेवर कपाशीला पाणी देताना साप चावलेला शेतमजूर असतो, स्तनाचा कॅन्सर झालेली बाई असते, आईबापांकडून सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घेऊन आलेले धडगावचे पोर असते. यांची चूक कोणती? पन्नाशीत हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसात तंबाखूचा वाटा किती, घराण्याचा किती आणि कापसाच्या जिनिंगच्या धुळीत काढलेल्या वर्षांचा किती, असा दाखला कोणताही डॉक्टर प्रामाणिकपणे देऊ शकत नाही.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. व्यसन सांगितले तर उपचार नाकारले जातील, असे कळताच रुग्ण व्यसन लपवतो. भूल देणाऱ्या डॉक्टरला तर रुग्ण काय ओढतो, किती पितो, तोंड किती उघडते हे आधीच माहीत असावे लागते, कारण श्वासनळीत नळी घालताना सगळी भिस्त त्यावर असते. शिक्षेच्या भीतीने दडवलेली माहिती ऑपरेशन टेबलावर जीव घेऊ शकते.

कराबद्दलही एक गोष्ट. पुडी खाणारा प्राप्तिकर भरत नसेल, पण साबणापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत जीएसटी तोही भरतो, आणि तंबाखूवरचा कर तर सगळ्यात चढ्या दरांपैकी आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही तो टपरीवर मागितला की मिळतो. एवढी वर्षे ही बंदी कागदावर राहिली, याची जबाबदारी खाणाऱ्याइतकीच ती न राबवणाऱ्यांवरही येते, आणि आमच्या मते जास्त येते.

मग वैयक्तिक जबाबदारीला जागाच नाही का? आहे, पण ती आजाराच्या आधी. जर्मनीत सक्तीच्या आरोग्य विम्यात दातांसाठी अशी सोय आहे : कवळी किंवा कॅप बसवायची तर विमा ठरलेल्या प्रमाणित खर्चाचे ६० टक्के देतो. सलग ५ वर्षे दरवर्षी दात तपासल्याची नोंद वहीत असेल तर ७० टक्के, १० वर्षांची असेल तर ७५. वही कोरी असली तरी ६० टक्के मिळतातच. म्हणजे काळजी घेणाऱ्याला बक्षीस आहे आणि न घेणाऱ्यालाही वाऱ्यावर सोडलेले नाही.

तुमच्या गल्लीपुरते आजच करता येईल असे एक सांगतो. सुपारी-गुटखा खाणाऱ्याला तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्याची स्वतःची तीन बोटे, तर्जनी, मधले आणि अनामिका, उभी धरून दातांमध्ये घालायला सांगा. तीन बोटे जात नसतील तर गालाच्या आतले अस्तर घट्ट होऊ लागले असण्याची दाट शक्यता आहे. हा घट्टपणा मुख्यतः सुपारीमुळे येतो, त्यामुळे ‘मी तंबाखू नाही, फक्त सुपारी खातो’ या बोलण्याला अर्थ नाही. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट लागताच होणारी आग, दोन आठवडे उलटूनही न भरणारी जखम, यातले काहीही असेल तर सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात दाखवा. लवकर सापडलेला कॅन्सर बऱ्याचदा एका शस्त्रक्रियेत आटोपतो. उशीर झाला की जबड्याचे हाड काढावे लागते, मग रेडिएशन, मग केमोथेरपी. तुमच्या करातला पैसा खरोखर वाचतो तो या तीन बोटांच्या तपासणीत.

प्रश्न : आईच्या खुब्याचे हाड मोडले. आमची शिधापत्रिका पांढरी आहे. दवाखान्यात सांगितले, ‘पांढऱ्या कार्डाला योजना नाही, चाळीस हजार भरा.’ हे खरे आहे का? (चोपडा तालुका)

उत्तर : आता खरे नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू आहे, पिवळी, केशरी, पांढरी कोणतीही शिधापत्रिका असो. शिधापत्रिकाच नसेल तर अधिवासाचा किंवा तहसीलदारांचा दाखला चालतो. मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये. पूर्वी ती दीड लाख होती आणि पांढरे कार्ड बाहेर होते. त्या जुन्या नियमाचा आधार घेऊन अजूनही लोकांना परत पाठवले जाते. (ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने २ जुलै २०१२ ला ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला धुळे जिल्हा होता. इतक्या वर्षांनंतरही आपल्याच भागात असे उत्तर मिळावे, हे बरे नाही.)

आता पायऱ्या. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात प्रवेशाजवळ आरोग्यमित्राचे, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या माणसाचे, टेबल असते. डॉक्टरकडे जाण्याआधी किंवा लगेच नंतर तिथे जा. शिधापत्रिका आणि आईचे आधार द्या. शिधापत्रिकेला १२ अंकी ऑनलाइन क्रमांक हवा. जुन्या हाताने लिहिलेल्या कार्डावर तो नसतो, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. तो तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतून मिळतो. दुसरी अडचण नावाची : आधारवर एक स्पेलिंग, शिधापत्रिकेवर दुसरे, किंवा सुनेचे नाव अजून माहेरच्याच कार्डावर. हे आजारपण येण्याआधी दुरुस्त करून ठेवावे. केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचे आयुष्मान कार्ड सीएससी (नागरी सुविधा) केंद्रावर किंवा मोबाइलच्या ॲपवर आधारच्या ई-केवायसीने, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवून, निघते. घरातल्या प्रत्येकाचे वेगळे काढा.

त्यानंतर रुग्णालय एक्स-रे आणि कागद जोडून पूर्वमंजुरी मागते. अपघात किंवा तातडीचा प्रसंग असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात. मंजूर पॅकेजमध्ये शस्त्रक्रिया, खुब्यात बसवायचे इम्प्लांट, औषधे, खाट आणि जेवण सगळे येते. घरी सोडल्यावर ठरावीक दिवसांची औषधे आणि तपासणीही त्यातच धरलेली असते. म्हणून ‘ऑपरेशन योजनेत, पण प्लेटचे वेगळे द्या’ ही मागणी नियमात बसत नाही.

मात्र एक खात्री आधी करून घ्या : ते रुग्णालय हाडांच्या शस्त्रक्रियेसाठीच अंगीकृत आहे ना? एखादे रुग्णालय फक्त हृदयरोगासाठी किंवा फक्त डायलिसिससाठी योजनेत असते आणि बाहेर फलक मात्र योजनेचा लागलेला असतो. तिथे हाडाच्या ऑपरेशनला नकार मिळाला तर तो बरोबर आहे. अशा वेळी आरोग्यमित्राकडून जवळचे योग्य रुग्णालय विचारून घ्या. शिवाय काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत.

रुग्णालय योजनेत असूनही अनामत मागत असेल तर पावती मागा. पावती द्यायला टाळाटाळ झाली तर तिथूनच १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. जिल्हा समन्वयकाकडे लेखी अर्जही देता येतो. हे सगळे घरी सोडण्याआधी करा. सुट्टी देताना ‘पैसे घेतले नाहीत, सेवेने समाधानी आहोत’ अशा कागदावर सही घेतली जाते. ती एकदा झाली की मागाहूनची तक्रार लंगडी पडते.

प्रश्न : मोफत मिळाले की किंमत राहत नाही. साध्या सर्दीसाठीही लोक रांग लावतात आणि खऱ्या रुग्णाला जागा मिळत नाही. निदान पन्नास रुपये फी ठेवली तर जबाबदारीची जाणीव राहील, असे मला वाटते. (धुळे)

उत्तर : हा प्रश्न जगात फार वर्षे घोळतो आहे आणि तो नुसत्या मतांवर सोडलेला नाही. अमेरिकेत रँड या संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात मोठा प्रयोग केला. काही कुटुंबांना संपूर्ण मोफत विमा दिला, काहींना खर्चाचा वाटा उचलायला लावला, आणि कोणाच्या वाट्याला काय यायचे ते चिठ्ठीसारखे ठरवले. वाटा उचलणारे लोक डॉक्टरकडे कमी गेले. इथपर्यंत तुमचे म्हणणे बरोबर ठरले. पण त्यांनी नको असलेले उपचार जितके टाळले तितकेच हवे असलेलेही टाळले. सरासरी तब्येतीत मोठा फरक पडला नाही. फटका बसला तो गरीब आणि रक्तदाब असलेल्यांना : मोफत गटात त्यांचा रक्तदाब अधिक आटोक्यात राहिला.

कारण उघड आहे. सर्दी बोचते, रक्तदाब बोचत नाही. पैसे मोजायचे म्हटल्यावर माणूस आधी जे दुखत नाही तेच सोडतो, आणि दुखत नसताना पोखरणारे आजारच पुढे सगळ्यात महाग पडतात.

शिवाय ‘मोफत’ हे नावालाच मोफत. अक्कलकुव्याच्या पाड्यावरून ग्रामीण रुग्णालयापर्यंत यायचे म्हणजे जीपचे भाडे, सोबतच्या माणसाचे जेवण आणि दोघांची बुडालेली मजुरी. ही फी तो आधीच भरतो. त्यावर आणखी पन्नास म्हणजे पुढच्या महिन्याची फेरी रद्द.

राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर आणि तपासण्यांचे शुल्क बंद झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या खात्याकडे असल्याने या निर्णयात धरलेली नव्हती. जळगावचे जुने सिव्हिल आता महाविद्यालयाचे रुग्णालय झाले आहे. त्यामुळे तालुक्याला पैसे लागले नाहीत, इथे का लागतात, असा गोंधळ होतो.

आमचे म्हणणे स्पष्ट सांगतो. सरकार मोठ्या योजनेत भरती झालेल्या रुग्णाचा खर्च देते. माणसाची जबाबदारी मात्र भरती होण्याआधी असते : महिन्याला रक्तदाब मोजणे, साखर तपासणे, गोळी न चुकवणे. हा बाह्यरुग्ण खर्च योजनेत येत नाही, तो खिशातून जातो. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून दिले. २०१३-१४ मध्ये हा आकडा ६४.२ टक्के होता, म्हणजे सुधारणा मोठी आहे, पण ओझे अजून जड आहे. सरकारी खर्च त्या वर्षी जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट होते. वाढीव पैसा कुठे घालावा असे विचाराल तर आम्ही उपकेंद्रातल्या गोळीकडे बोट दाखवू. रक्तदाबाची अम्लोडिपीन किंवा साखरेची मेटफॉर्मिन या स्वस्त गोळ्या आहेत. त्या न मिळाल्याने मूत्रपिंडे निकामी झाली तर आठवड्याला दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिस, तेही आयुष्यभर किंवा प्रत्यारोपण होईपर्यंत. तो खर्च सरकार आनंदाने देते आणि गोळीचा साठा मात्र महिन्याच्या वीस तारखेला संपतो, ही उलटी रीत आहे.

गर्दीचा तुमचा मुद्दा खरा आहे. त्यावर उपाय फी नाही, निवड आहे : ३० वर्षांवरील लोकांची रक्तदाब, साखर, तोंड-स्तन-गर्भाशयमुख कर्करोगाची तपासणी गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातच (उपकेंद्रातच) व्हावी आणि स्थिर रुग्णाला एका फेरीत एक महिन्याच्या गोळ्या मिळाव्यात. रांग तिथेच निम्मी होईल. ग्रामसभेत विचारा : आपल्या उपकेंद्रात या महिन्यात रक्तदाबाच्या गोळ्या किती दिवस नव्हत्या? साठ्याची नोंदवही असते, ती दाखवायला सांगा.

प्रश्न : सिकलसेलचे वाहक असलेल्या मुला-मुलीचे लग्न घरच्यांनी माहीत असूनही लावले, तर पुढे होणाऱ्या आजारी बाळाचा खर्च सरकारने का करावा? (शहादा)

उत्तर : कारण बाळाने लग्न ठरवलेले नसते. (वाहक म्हणजे ज्याच्यात सिकलसेलचा दोष एकाच पालकाकडून आला आहे, पण जो स्वतः रुग्ण नाही असा माणूस.) आणि ‘माहीत असूनही’ हे सातपुड्यातल्या किती घरांबद्दल खरे आहे, हेही पाहावे लागेल. आधी तपासणी दारात पोचली पाहिजे, मगच जबाबदारी विचारता येते. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहे असे नाही. वाहक की रुग्ण हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचण्यांनीच ठरते. पहिल्या चाचणीच्या चिठ्ठीवरून सोयरीक मोडणे चूक आहे.

गणित असे : दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५०, पूर्ण निरोगी असण्याची २५. पहिले बाळ निरोगी झाले म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही. एकच जण वाहक आणि दुसरा निरोगी असेल तर बाळ सिकलसेलचा रुग्ण होत नाही, फार तर वाहक होते. म्हणून वाहक मुलीला स्थळ नाकारण्याचे काही कारण नाही, समोरच्याची तपासणी करा एवढेच. दोन वाहकांचे लग्न झालेच असेल तर गरोदरपणाच्या १० ते १२ व्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते. त्यासाठी दिवस गेल्याचे कळताच नोंदणी हवी, तिसरा-चौथा महिना उलटला की ती वेळ निघून जाते.

रुग्ण बाळाच्या घरच्यांनी करायचे ते खरोखर करण्याजोगे आहे : रोज फॉलिक ॲसिड, पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन, न्यूमोकोकलची लस, उन्हाळ्यात पाणी भरपूर आणि हिवाळ्यात उबदार कपडे. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू केले तर ते न चुकवता द्यायचे आणि अधूनमधून रक्ततपासणी करून घ्यायची. अंगात ३८.५ सेल्सियसपेक्षा जास्त ताप, एकाएकी पांढरेफटक पडणे किंवा डाव्या बरगडीखाली पोट फुगणे, यापैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठीही अर्ज करा.

प्रश्न : पगारदार आहे, वय ३४. सरकारी योजना सर्वांना असताना खासगी विमा घ्यावा का? (जळगाव)

उत्तर : परवडत असेल तर घ्या. योजनेत नसलेल्या रुग्णालयात जाण्याची वेळ आली की तो उपयोगी पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. घेताना दोन जागा नीट वाचा.

पहिली, खोलीभाड्याची मर्यादा. समजा विमा ३ लाखांचा आणि खोलीभाडे रोज १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. तुम्ही ६,००० ची खोली चार दिवस घेतली. वरचे १२,००० तुमचेच. पण तेवढ्यावर भागत नाही. खोली दुप्पट महाग म्हणून सर्जनची फी, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग हेही निम्मेच मंजूर होते. ते ८०,००० असेल तर ४०,००० तुमच्यावर, एकूण ५२,०००. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, लावली असेल तर हरकत घ्या. शक्यतो खोलीभाड्याची मर्यादा नसलेलीच पॉलिसी पाहा.

दुसरी, आधीचे आजार. साखर किंवा रक्तदाब असेल तर अर्जात लिहा. त्यासाठी प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा दावा न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असतो. एजंट ‘लिहू नका, हप्ता वाढेल’ म्हणाला तरी ऐकू नका, कारण दाव्याच्या वेळी जुना केसपेपर निघतोच आणि दावा फेटाळला जातो.

विमा घेणे ही जबाबदारीची गोष्ट आहे. पण ज्याची साठी उलटली आणि साखर आहे त्याच्याकडून कंपनी चढा हप्ता मागते, आणि तळोद्याच्या भूमिहीन मजुराला तर तुमचाही हप्ता झेपणार नाही. म्हणून सरकारी योजनेच्या जागी विमा, हे गणित सगळ्यांसाठी जुळत नाही.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांचे वेगळे कार्ड निघते का? उत्पन्नाची अट काय? (भुसावळ)

उत्तर : निघते, आणि उत्पन्नाची अट नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधार आणि ई-केवायसी पुरते. वय आधारवरूनच धरले जाते, म्हणून आधारवर जन्मतारीख चुकली असेल तर आधी ती दुरुस्त करा. तुमचे कुटुंब आधीच आयुष्मान भारतच्या यादीत असेल तर ज्येष्ठांसाठीचे ५ लाख वेगळे धरले जातात, ते घरातल्या इतरांना वापरता येत नाहीत. घरात ७० च्या वरचे दोघे असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून. वडिलांना केंद्रीय कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना असेल तर तीच ठेवायची की ही घ्यायची, ते एकदा निवडावे लागते. खासगी विमा असेल तर दोन्ही चालतात.

प्रश्न : उपचार योजनेत बसत नाही, विमा नाही, रुग्णालय मोठ्या ट्रस्टचे आहे. काही मार्ग? (साक्री)

उत्तर : आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार अशा धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, भरती होतानाच. बिल तयार झाल्यावर भेटलात तर ‘खाटा भरल्या होत्या’ हेच उत्तर मिळते. नकार दिला तर तो लेखी मागा आणि धुळ्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज द्या. अर्जासोबत भरतीची तारीख, खाट क्रमांक आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडा.